अनुकृत वार आणि त्याची नीती

शस्त्र चालविण्याचे कौशल्य ज्या प्रयोजनासाठी घडले ते प्रयोजन नाहीसे झाल्यावर त्या कौशल्याचा सराव करणे म्हणजे नेमके काय करणे? प्रश्न वरवर क्रीडेचा वाटतो. वस्तुतः तो अनुकृती आणि सत्य यांच्या संबंधाचा, म्हणजे साहित्यविचाराच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. त्याला एक नैतिक बाजूही आहे. सोलापुरात शिवजयंतीच्या मिरवणुकीत फिरणारा दांडपट्टा आणि पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळी सोळाव्या-सतराव्या शतकांतील ‘रेपियर’ या लांब, सडपातळ तलवारीच्या खेळाचे करीत असलेले पुनराचरण, ही त्या प्रश्नाची दोन रूपे म्हणून येथे विचारात घ्यावयाची आहेत.

भारतीय काव्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. रंगभूमीवर शस्त्रे कशी चालवावीत याचे भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे चार प्रकार नाट्यशास्त्रात सांगितले असून त्यांना ‘न्याय’ अशी संज्ञा आहे. प्रत्यक्ष छेद वा रक्तपात न करता प्रहार केवळ संकेताने दाखवावा, असा निर्बंधही तेथेच आहे. नटाच्या ठायी होणारी रामाची प्रतीती शंकुकाने चित्रातील घोड्याच्या दृष्टांताने स्पष्ट केली. भट्टतौत आणि त्याचा शिष्य अभिनवगुप्त यांनी हा अनुकरणवाद नाकारला. ज्याला कोणी पाहिलेच नाही त्याचे अनुकरण झाले हे ठरवायचे कसे, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होय. पुनराचरण करणाऱ्या प्रत्येकाला या आक्षेपाचे उत्तर द्यावे लागते.

युरोपात तलवारबाजी बदलत बदलत आधुनिक क्रीडा झाली आणि रेपियरचे जुने तंत्र मागे पडले. त्यामुळे आजचा अभ्यासक रिदोल्फो कापोफेर्रोच्या १६१०मधील सचित्र ग्रंथासारख्या संहितांकडे वळतो. हा व्यवहार मूलतः वाचनाचा आहे. चित्र आणि वाक्य यांच्यामधील रिकाम्या जागा वाचक येथे आपल्या शरीराने भरतो. तथापि संहिता केवळ तंत्र सांगते, नीती सांगत नाही. रेपियर हे रणांगणाच्या उपयोगाचे नसून खाजगी भांडणात माणसे मारण्याचे शस्त्र आहे, असा आरोप जॉर्ज सिल्व्हर या इंग्रज लेखकाने १५९९ सालीच केला होता. अशा शस्त्राला आजच्या सरावात कोणती नीती लाभली? १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’च्या खेळात वार लागला की नाही हे ज्याला तो लागला त्यानेच सांगावयाचे असते. जखम खोटी, पण वचन खरे असावे लागते. ते खोटे ठरले तर खेळालाच अर्थ उरत नाही. पराभवाचा साक्षीदार स्वतः पराभूत असणे, ही या अनुकृतीची नैतिक अट आहे.

आपल्याकडील मर्दानी खेळांची स्थिती याहून वेगळी आहे. कोल्हापूरच्या तालमींत ही विद्या प्रामुख्याने वस्तादाच्या शरीराकडून शिष्याच्या शरीराकडे गेली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६पासून संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशासारखी लेखी नोंद तिला उशिरा लाभली. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोळीत बंदिस्त असते. मनगट जखडले गेल्याने वार खांदा आणि कंबर यांतून काढावा लागतो. रेपियर टोकाने एका माणसाचा वेध घेते, पट्टा धारेने स्वतःभोवती एक वर्तुळ मोकळे करतो. तळहातावरचे लिंबू कापले जावे आणि हाताला ओरखडाही येऊ नये, या प्रयोगात कसोटी संयमाची असते. तेथे वाराचे सत्य मारणाऱ्याच्या हाताने सिद्ध होते आणि लिंबू धरणाऱ्याच्या विश्वासाने तोलले जाते.

मात्र मिरवणुकीत सहसा दिसतो तो एकट्याने फिरविलेला पट्टा. वर्तुळ आहे, पण त्याबाहेर कोणी उभा नाही. आर. जी. कॉलिंगवूड याच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात इतिहास म्हणजे गतकालीन विचाराचे इतिहासकाराच्या मनातील पुनराचरण, असे प्रतिपादन आहे. हालचाल नव्हे, तर ती ज्या समस्येचे उत्तर होती ती समस्या पुन्हा मांडावी लागते. लढवय्यापुढील समस्या म्हणजे समोरचा माणूस. त्याला वगळले की पवित्रा उरतो, त्यामागचा विचार उरत नाही.

सोलापुरात हा मुद्दा अधिकच टोचतो. येथील भुईकोट किल्ल्यासाठी अहमदनगर आणि विजापूर यांनी वारंवार शस्त्रे उपसली. चांदबिबीच्या विवाहात तो हुंडा म्हणून दिला गेला. १८१८ साली मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांकडून घेतला. या तटाशी लढलेल्यांत एकच एक ‘आपण’ शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. शस्त्रही त्याची साक्ष देते. युरोपात घडलेली पाती येथे येत, त्यांना देशी मूठ बसे आणि अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. १९३०च्या लष्करी कायद्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांची नावे एकत्र वाचली, तरी या शहराचे ‘आपण’ किती भाषांचे आणि धर्मांचे आहे हे कळते.

२०२४ साली दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला. या गौरवाने विद्येला आधार मिळेल. पण शस्त्र चिन्ह झाले की त्याचा अर्थ हातातून निसटून घोषणेत जाण्याचा धोकाही असतो. यावरचा उपाय परंपरेतच आहे. कातडी वेष्टनाची काठी आणि लहान ढाल घेऊन दोघांनी समोरासमोर खेळावयाच्या फरीगदग्यात प्रतिस्पर्धी पुन्हा प्रकट होतो. त्याचा वार चुकवायला त्याचे मन वाचावे लागते, आणि लागलेला वार मान्य करायला स्वतःचे मन आवरावे लागते. अनुकृत युद्ध नीतिमान ठरते ते समोरच्याला जागा दिल्यामुळे. नाट्यशास्त्राने रंगावरील प्रहाराला ‘न्याय’ म्हटले ते एका तांत्रिक अर्थाने. त्या शब्दाचा दुसरा, आपल्या रोजच्या वापरातला अर्थ सरावाला लागू करणे ही जबाबदारी मात्र पट्टा हाती घेणाऱ्याची आहे, आणि त्याच्याभोवती जमून टाळ्या वाजविणाऱ्यांचीही.