हागारचे काय?



काही दिवसांपूर्वी एक तरुण बाई कडेवर वर्षाचा मुलगा घेऊन पॅरिश ऑफिसात आली. तिच्या परवानगीने, आणि तिची ओळख पटणार नाही एवढेच, येथे लिहीत आहोत. शहरात नोकरीला असताना तिने एका मंदिरात हार घालून लग्न केले होते. नवऱ्याची पहिली बायको आणि दोन मुले गावी आहेत, हे तिला दिवस गेल्यावर कळले. आता ती माहेरी आली आहे. तिने विचारले, "फादर, माझं लग्न खोटं, असं सगळे म्हणतात. मग माझा पोरगासुद्धा खोटा का?"

मूल कधीच खोटे नसते, असे आम्ही तिला सांगितले आणि बाप्तिस्म्याचे बोलणे केले. ती गेली, पण एक प्रश्न मागे राहिला. आपल्यातली काही शिकलेली मंडळी आम्हांला विचारतात: सज्ञान माणसे राजीखुशीने राहत असतील, तर एकाहून अधिक बायकांशी केलेल्या लग्नाला सरकारने मान्यता का देऊ नये? तशी मान्यता असती, तर या बाईला पत्नी म्हणून ताठ मानेने हक्क मागता आला असता.

हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या कायद्याने रूढीनुसार होणाऱ्या बहुपत्नीक विवाहांना मान्यता दिली, ती अशा स्त्रिया उघड्यावर पडू नयेत म्हणूनच. तेथे आणखी एक लग्न करू पाहणाऱ्या पुरुषाने आधी मालमत्तेचा लेखी करार न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावा, अशी अट आहे. हेतू चांगला आहे. पण केनियात काय झाले तेही पाहू. तेथे २०१४ साली बहुपत्नीक विवाहांना मान्यता देणारा कायदा झाला. आधीच्या पत्नीला नकार देता यावा, अशी तरतूद मसुद्यात होती. संसदेत चर्चेच्या वेळी पुरुष सदस्यांनी ती काढून टाकली आणि स्त्री सदस्य निषेध करून सभागृहाबाहेर निघून गेल्या. ज्या घरात वाटेकरी येणार, त्या घरच्या बाईचे मतच कायद्याने विचारले नाही.

राजीखुशी म्हणतो ती कोणाची? पदरात दोन मुले, हातात पगार नाही, माहेरी भावांचे संसार. अशा बाईने मान हलवली, तर तिला संमती म्हणायचे की नाइलाज? संत थॉमस अक्वायनस यांनी सातशे वर्षांपूर्वी याचे मर्म सांगून ठेवले आहे. मैत्री बरोबरीच्या माणसांत होते. पत्नीला एकच पती आणि पतीला मात्र अनेक पत्नी, अशा घरात पत्नीचे नाते मैत्रीचे न राहता दासीपणाचे होते. हे समजायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही. कायद्याचे काम केवळ शिक्षा करण्याचे नाही. लग्नातला शब्द किती वजनाचा असतो, हेही तो समाजाला शिकवतो. एकदा पूर्ण दिलेला शब्द दुसरीकडे पुन्हा पूर्ण देता येत नाही. म्हणून सरकारने अशा विवाहाला मान्यता देऊ नये, असेच आमचे मत आहे.

आपल्या देशात ख्रिस्ती विवाहाला १८७२ च्या कायद्यापासून हे बंधन आहे. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी ते १९४६ साली आले आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर झाले. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात चार पत्नींपर्यंत मुभा आहे. उत्तराखंडात २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाल्यावर तेथे ती राहिली नाही. हे ऐकले की शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. तो आवरावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या नवऱ्याला आणखी बायको असल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मुस्लिम समाजात १.९ टक्के, हिंदू समाजात १.३ टक्के आणि ख्रिस्ती समाजात २.१ टक्के आढळले. त्यात ईशान्येकडील आदिवासी भागांचा वाटा मोठा आहे, हे खरे. पण तेही आपलेच बांधव आहेत.

मान्यता नाही, म्हणजे दुसरीला वाऱ्यावर सोडायचे का? येथे उत्पत्तीच्या पुस्तकातील हागार आठवते. अब्राहामाच्या घरातला हा पेच बायबल झाकून ठेवत नाही. साराचे दुःख दिसते, हागारचा छळ दिसतो, आणि शेवटी भाकर व पाण्याची पखाल देऊन तिला लेकरासह रानात घालवून दिलेले दिसते. अब्राहामाच्या घरातली ही घडी देवाने आदर्श म्हणून पुढे ठेवली नाही. पण हागारला त्याने पाहिले, मुलाचे रडणे ऐकले आणि तिला पाण्याची विहीर दाखवली.

कायद्यालाही हे जमते. पहिले लग्न लपवून फसवलेल्या स्त्रीला पोटगीपुरती पत्नीच मानावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिला. हिंदू विवाह कायद्याच्या १६ व्या कलमानुसार रद्दबातल विवाहातले मूलही औरस ठरते. लग्न अमान्य, पण मूल मान्य! असे संरक्षण सर्व धर्मांच्या मुलांना सारखेच मिळावे, ही मागणी आपण अवश्य करावी. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ११४८ वे कलमही पाहा. अनेक पत्नी असलेला पुरुष बाप्तिस्मा घेतो तेव्हा त्याने एकीबरोबरच राहावे. पण ज्यांना दूर केले त्यांच्या गरजांची न्यायाने आणि प्रेमाने सोय होते की नाही, हे महागुरूंनी पाहावे, असे ते सांगते.

आता आपल्या धर्मग्रामापुरते. लग्नाच्या वेळी आम्ही बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागतो, तेव्हा "फादर, एवढे कागद कशाला?" असे आईवडील म्हणतात. त्या दाखल्यावर आधीच्या लग्नाची नोंद येते, म्हणून. लग्नाच्या घोषणा वाचतो, त्याही याचसाठी. मुलीचे लग्न बाहेर ठरत असेल, तर ही चौकशी तुम्हीच करायची आहे. तिला लाज वाटू देऊ नका.

आणि अशी एखादी मुलगी फसून परत आली, तर तिच्यासाठी जो एक शब्द आपल्या ओटीवर दबक्या आवाजात वापरला जातो, तो यापुढे कोणी वापरू नये. एखाद्या बाळाच्या बाप्तिस्म्याला बाप दिसला नाही, तर तो कुठे आहे म्हणून विचारू नका. पुढे या आणि बाळाला हातात घ्या. रानातल्या त्या आईला देवाने विहीर दाखवली होती. आपल्या गावात ती विहीर आपण व्हायचे आहे.

प्रभू येशू तुमच्या घरांना आशीर्वाद देवो.

तुमचे,
प्रमुख धर्मगुरू