पन्नास घरांचा हिशेब

सप्टेंबर 2020 मध्ये करोनासाठी घरोघरी तपासणीची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकाने दिवसाला 50 घरे करायची, असे उद्दिष्ट होते. थर्मल गन, ऑक्सिमीटर, नोंदीचा कागद आणि चालणे. हिंजवडीच्या सोसायटीत 50 घरे एका इमारतीतच भरतात. ताम्हिणीकडे मात्र सोंडेवर चार घरे, ओढ्यापलीकडे धनगरवाडा, त्याहून पुढे कातकरी वस्ती. आणि सप्टेंबरात तिथला पाऊस ओसरलेला नसतो. दोन्ही गावे मुळशी तालुक्यातली. एकीकडे लोक लॅपटॉप घेऊन घरात सुरक्षित बसले होते, दुसरीकडे आशाताई, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविका, दारोदार फिरत होत्या.

आरोग्य कर्मचाऱ्यांतल्या विषमतेची चर्चा पगारापासून सुरू होते. मला ती या अंतरापासून करावीशी वाटते. आशांची नेमणूक साधारण हजार लोकसंख्येमागे एक. डोंगराळ भागात निकष शिथिल होतो, पण मोबदल्याचा एक भाग ठरतो कामाच्या नगावर. त्यासाठी तुडवलेली वाट कुणी मोजत नाही.

साथ आली की ही उतरंड उघडी पडते. वर कायम नोकरीतले डॉक्टर. त्यांनीही जीव धोक्यात घातला, याबद्दल शंका नको. पण त्यांना रजा आहे, निवृत्तिवेतन किंवा त्याची तरतूद आहे. त्याखाली कंत्राटी परिचारिका, मग ठेकेदाराचे सफाई कामगार, आणि शासनाच्या दप्तरी कर्मचारीच नसलेल्या आशा. सुरुवातीच्या आठवड्यांत राज्यभर अनेक आशा साध्या मास्कवर, कधी तोंडाला ओढणी बांधून फिरल्या. करोनाच्या कामासाठी केंद्राने दिले महिन्याला 1000 रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे 33.

मार्च 2020 मध्ये 50 लाखांचे विमा कवच जाहीर झाले, त्यात आशाही होत्या. चांगलेच झाले. पण ते करोनाने मृत्यू आला तर. आशा आजारी पडून चौदा दिवस घरात राहिली तर भरपगारी रजा नाही, आणि नगावरचे कामही बंद. मेल्यावर मोल आहे, आजारपणाला नाही, ही व्यवस्था मला क्रूर वाटते.

सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी पुण्यात मृत्यू पावल्या. त्यांचे नाव घेऊन आशांच्या सेवाभावाचे कौतुक करणे सोपे आहे. पण सावित्रीबाई त्या सेवेत स्वतःहून उतरल्या होत्या. आशाताईंना वरून आदेश येतो, उद्दिष्ट येते, संध्याकाळी आकडा मागितला जातो. जिथे आदेश आहे तिथे त्याग म्हणून चालत नाही, वेतन द्यावे लागते.

15 जून 2021 रोजी राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. आठवडाभरानंतर आशांना 1000 रुपये वाढ आणि 500 रुपये करोना भत्ता मान्य झाला. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा मार्च 2024 मध्ये 5000 रुपयांची वाढ पदरात पडली.

रक्कम वाढली, दर्जा तोच राहिला. पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा याच बायका आधी घराबाहेर पडतील. म्हणून साथ नसतानाच मागितले पाहिजे: निश्चित वेतन, भरपगारी आजारपणाची रजा, आणि वाड्यांचे अंतर धरून ठरवलेले उद्दिष्ट. जिल्हा परिषदेसाठी मत मागायला जो दारात येईल, त्याला या तीन गोष्टींबद्दल विचारा.