सेवेनंतरचा धडा

सेवाग्राम आश्रमाचा विषय निघाला की परचुरेशास्त्रींचे नाव येतेच. कुष्ठरोगामुळे समाजाने दूर लोटलेल्या या माणसाला गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. वर्धा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ही गोष्ट ठाऊक असते. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित होते, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबरचे बंदी होते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. शुश्रूषा करणारे हात आपल्या लक्षात राहिले. ज्याची शुश्रूषा झाली त्याची विद्वत्ता आपण विसरलो. अपंग माणसाकडे पाहण्याची आपली रीत या विसरण्यात नेमकी दिसते.

सेवेची परंपरा या जिल्ह्याइतकी भक्कम क्वचितच कुठे असेल. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले. १९५१ पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे काम वर्ध्यातून चालले. बाबा आमटे हिंगणघाटचे. त्यांचे आनंदवन शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला. दत्तपूर आणि आनंदवन या दोन्ही ठिकाणी रुग्णांच्या हाती शेती आणि उद्योग आले, हे त्या काळाच्या कितीतरी पुढचे पाऊल होते. या वारशाबद्दल पूर्ण आदर ठेवून मला पुढची मागणी करायची आहे. आता अपंगत्व हा विद्यापीठातल्या अभ्यासाचा विषय झाला पाहिजे, सांकेतिक भाषा इतर भाषांच्या शेजारी वर्गात शिकवली गेली पाहिजे, आणि महाविद्यालयाच्या रोजगार मार्गदर्शनात या दोन्हींना हक्काची जागा मिळाली पाहिजे.

अपंगत्वाचा अभ्यास म्हणजे उपचारांचा अभ्यास नव्हे. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने १९७६ मध्ये असा विचार मांडला की शरीरातली उणीव ही एक गोष्ट, आणि त्या उणिवेच्या नावाखाली समाजाने घातलेले अडसर ही दुसरी. मायकेल ऑलिव्हर या स्वतः चाकाची खुर्ची वापरणाऱ्या अभ्यासकाने पुढे या विचाराची रीतसर मांडणी केली. वर्ध्याच्या माणसाला हा विचार समजायला परदेशी उदाहरण लागत नाही. कुष्ठरोग पूर्ण बरा करणारी बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. तरीही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत टिकून होते. जंतू औषधाने मेले. कायद्यातला कलंक पुसायला आणखी अडतीस वर्षे लागली. ही वर्षे का लागली, त्या काळात किती संसार मोडले, बरा झालेला माणूस गावी परत का जाऊ शकला नाही, हे प्रश्न समाजशास्त्राचे, कायद्याचे, इतिहासाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधायला दत्तपूरपेक्षा जवळची जागा कोणती?

कर्णबधिरांच्या बाबतीत तर अन्याय थेट भाषेवरच झाला. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरी भरलेल्या परिषदेने बधिर मुलांना केवळ ओठ वाचून आणि तोंडाने बोलून शिकवावे, खुणा करू देऊ नयेत, असे ठरवले. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, मुंबईत बधिरांसाठी शाळा निघाली. पुढे देशभर अशा शाळा वाढल्या, पण वर्गात वाचेवरच भर राहिला. खुणांची भाषा जगली ती मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, मुलांच्या आपसातल्या गप्पांत. ती पूर्ण भाषा आहे हे विल्यम स्टोकी यांनी अमेरिकेत १९६० मध्ये दाखवून दिले. भारतीय सांकेतिक भाषेचा शास्त्रीय अभ्यास त्यानंतर, १९७० च्या दशकात सुरू झाला.

या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. भुवया, मान, ओठ यांच्या हालचाली व्याकरणाचे काम करतात. त्या काढून टाकल्या तर प्रश्नाचे विधान होऊन बसेल. हाताने मराठी बोलणे म्हणजे सांकेतिक भाषा, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश तयार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. पाया घातला गेला आहे. पदवीपर्यंतचे शिक्षण उभे करण्याचा एक प्रयत्न त्याआधीच इग्नूने, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, केला होता. तो अभ्यासक्रम काही वर्षांतच बंद झाला. चांगला उपक्रम एकाच संस्थेच्या खांद्यावर ठेवला की असे होते. तो अनेक विद्यापीठांत रुजायला हवा.

वर्धा त्यासाठी योग्य ठिकाण आहे. इथे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, आणि त्यात अनुवाद व निर्वचन यांची स्वतंत्र विद्याशाखा आहे. निर्वचन म्हणजे दुभाष्याचे काम. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची घडण अशा ठिकाणी स्वाभाविक आहे. जिल्ह्यातली कला-वाणिज्य महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, तिथे बी.ए.च्या विद्यार्थ्याला दोन सत्रांचा ऐच्छिक विषय म्हणून ही भाषा घेता यावी. सेवाग्राम आणि सावंगी इथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तर तिची गरज रोजची आहे. पोटात नेमके कुठे दुखते हे डॉक्टरला सांगता न येणारा रुग्ण आणि रुग्णाचे म्हणणे न कळणारा डॉक्टर, दोघेही सारखेच अडलेले असतात.

रोजगाराच्या तयारीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखल्या. त्या चारपैकी एक टक्का बधिर आणि ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आहे. परीक्षेत लेखनिक घेण्याची सोय आहे, तासाला वीस मिनिटे जादा वेळ आहे. पण बधिर विद्यार्थी बारावीनंतर सर्वसाधारण महाविद्यालयात येतो तेव्हा वर्गातले व्याख्यान त्याच्या डोक्यावरून जाते आणि तो शेजाऱ्याची वही उतरवत राहतो. तीन वर्षे अशी गेल्यावर राखीव जागा त्याच्या काय कामाची? स्पर्धा परीक्षा केंद्रात दुभाषी हवा, मुलाखतीचा सराव त्याच्या भाषेत हवा, आणि कोणत्या पदांना तो पात्र आहे हे पहिल्याच वर्षी कोणीतरी त्याला नीट समजावून सांगायला हवे.

ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही इथे काम आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष नोंदवताना दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद २०१३ मध्ये तेव्हाच्या पुराव्याच्या कायद्यात आली. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या कायद्यातही अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये शाळांतल्या विशेष मुलांमागे विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला. कायद्याने मागणी निर्माण केली आहे. माणसे मात्र शिकून तयार व्हायची आहेत. नोकरी नाही म्हणून हताश बसलेल्या विदर्भातल्या पदवीधरांपर्यंत ही माहिती पोहोचवणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नई तालीमचा आराखडा केला. हाताचे काम हे ज्ञानाचेच साधन आहे, हा त्या आराखड्याचा गाभा. हातांनी चालणाऱ्या भाषेला आणि तिच्यातून मिळणाऱ्या कामाला या गावाने सर्वांआधी जागा द्यावी, असे मला म्हणूनच वाटते.

एक अट मात्र सोडू नये. ही भाषा शिकवायला पहिला मान बधिर शिक्षकांचा असावा, आणि अपंगत्वाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात अपंग अभ्यासक असावेत. सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका खास बधिरांसाठी दिल्लीच्या केंद्रात आहेच. ती घेतलेला तरुण महाविद्यालयात अध्यापक म्हणून उभा राहील, ऐकू येणारी मुले त्याच्याकडून शिकतील, त्याच्या हातून गुण घेतील, त्याला ‘सर’ म्हणतील. कोणी कोणावर उपकार केले, हा प्रश्न त्या वर्गात उरणार नाही. सेवाभूमी म्हणून मिळालेला मान वर्ध्याने जपावा, आणि आता अपंगांना गुरुजनांच्या जागी बसवण्याचा मानही मिळवावा.