मुलांवाचून कुणाचं काय अडतं?

मुलांना शिक्षणात रमवायचं कसं, हा आपल्या शिक्षणचर्चेचा सध्याचा लाडका प्रश्न आहे. २०२४मध्ये राज्यातल्या शाळांत पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळेत यायला सांगितलं. शिबिरं, बालमेळावे, छंदवर्ग यांची तर मोजदादच नाही. यातल्या कुणाच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. शंका आहे ती निदानाबद्दल. मुलं कंटाळतात, म्हणून त्यांचं लक्ष उडतं, म्हणून ती शाळा सोडतात. तेव्हा शाळा गमतीची करा, म्हणजे ती टिकतील, हे ते निदान. ते इतकं सोपं आणि सर्वांना गोड वाटणारं आहे की तपासून पाहायची तसदी कुणी घेत नाही. तपासायचंच असेल तर रायगडच्या आतल्या अंगाला असलेले कर्जत आणि खालापूर हे तालुके त्यासाठी चांगले. मुलांसाठीच्या उपक्रमांची इथे रेलचेल आहे, आणि वर्गातून मुलं नाहीशी होण्याचीही.

या दोन तालुक्यांत दोन प्रकारचं बालपण शेजारीशेजारी नांदतं. सुट्टी लागली की मुंबई-ठाण्याची मुलं बसने येतात. रिसॉर्ट आणि फार्महाऊसं आता गावोगाव आहेत. तिथे साहस शिबिरं भरतात, दोरावरून ओढा ओलांडला जातो, रात्री शेकोटी पेटते. पैसे मोजून घेतलेला हा थरार वाईट नाही. शहरातल्या मुलाला गुडघे फोडून घ्यायला दुसरी जागा उरलेली नाही. पण त्याच डोंगराच्या पोटाशी असलेल्या वाडीतल्या ठाकर मुलाला त्याचं काय नवल? पहिला पाऊस पडून गेला की तो आईबरोबर रानात शेवळं काढायला जातो. कोवळा कोंब कोणता आणि निबर झालेला कोणता, हे त्याला लांबून कळतं. निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो, आणि भाजीत काकडाची आंबट फळं घालायची, हेही त्याला पाठ असतं. त्या जुड्या कर्जत, नेरळ स्टेशनबाहेर विकल्या जातात आणि त्यातून घरात मीठमिरची येते. म्हणजे दहा वर्षांचा हा मुलगा घरातला उपयोगाचा माणूस आहे. निवडण्यात तो चुकला तर गिऱ्हाईकाचा घसा खवखवतो आणि दुसऱ्या दिवशी आईला ऐकून घ्यावं लागतं. शाळेचा उंबरा ओलांडला की मात्र तो नुसता घेणारा उरतो: आहार घेणारा, गणवेश घेणारा, धडे घेणारा. शनिवारी त्यात आनंद घेणारा एवढी भर पडते.

कंटाळ्याच्या निदानाला पहिला अडसर कॅलेंडरचा आहे. कंटाळ्याला हंगाम नसतो. इथल्या गैरहजेरीला तो आहे. कातकरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला निघतात, पाऊस तोंडावर आला की परततात. आधी घेतलेली उचल फेडायची असते. विटा हजाराच्या हिशेबाने मोजतात, आणि तो हजार पुरा करायला विटा उलटणारे, रचणारे लहान हातही लागतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी हवं असतं ते वेगळंच. आषाढ-श्रावणात ज्याला शाळा बरी वाटत होती, त्याला ती कार्तिकात एकाएकी रटाळ कशी वाटू लागते, याचं उत्तर शाळा गमतीची करा म्हणणाऱ्या आनंदवाद्यांनी द्यावं. त्यातही संचमान्यतेसाठी शाळेचा पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. त्या दिवशी हे मूल बहुधा हजर असतं. शिक्षकांची पदं ठरवून झाली की ते निघून जातं. भट्टीला हा मुलगा लागतो; शाळेला लागतो तो त्याचा आकडा. पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी उचलीचा हिशेब एकदा वाचून काढावा; आणि टॅब वाटून प्रश्न सुटेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

यावर आनंदवाद्यांचं म्हणणं असं, की स्थलांतर हा रोजगाराचा प्रश्न झाला, आम्ही बोलतोय ते गावातच राहणाऱ्या मुलांबद्दल. ठीक. वाडीतली शाळा चौथी-पाचवीपर्यंत असते. पुढे दूरच्या गावची शाळा, नाहीतर पेण प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतल्या पाथरज, भालिवडीसारख्या आश्रमशाळा. तिथे राहणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं मन उडालेलं असतं, हे खरं आहे. पण ते गमतीच्या अभावी उडालंय हे कशावरून? गमतीचा स्वभावच असा, की तिला रोज नवं काहीतरी लागतं. पहिल्या शनिवारी टाळ्या वाजवणारा मुलगा पाचव्या शनिवारी जांभई देतो, मग शिक्षकाने आणखी काही शोधायचं. ही शर्यत मोबाइलशी आहे आणि ती मोबाइलच जिंकणार. शिवाय ही गंमत मोठ्यांनी आखायची, मोठ्यांनी घडवून आणायची, आणि मुलांना ती आली याचा पुरावा म्हणून फोटोही मोठ्यांनीच काढायचे. मुलगा त्यात प्रेक्षक असतो, फार तर पाहुणा. पाहुण्याचं कितीही आगतस्वागत केलं तरी तो दोन दिवसांनी जातोच. किशोरवयातल्या मुलाला आपण कुणाच्या कामी येतो की नाही, हे कळायचं असतं. त्या जागी आपण त्याच्यापुढे करमणूक ठेवतो आणि तो ती घेऊनही रमत नाही, म्हणून त्यालाच बोल लावतो.

आनंदवादी ताराबाई मोडकांचा दाखला नेहमी देतात, आणि तो नेमका उलटा देतात. बोर्डीला १९४५मध्ये आणि पुढे १९५७पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जे केलं, त्यातली कुरणशाळा आज ‘खेळातून शिक्षण’ या सदरात जमा केली जाते. खेळ तिथे होताच, आणि बालवाडीच्या वयाला तो हवाच; त्याबद्दल दुमत नाही. पण कुरणशाळेचं मर्म खेळात नव्हतं. गुरं राखणारं मूल शाळेत येऊ शकत नाही, कारण ते आलं तर गुरं कुणी राखायची? ताराबाईंनी मुलाला गुरांपासून तोडलं नाही. शाळा उचलून कुरणात नेली. मुलाच्या हातातलं काम खरं आहे, त्यावाचून घरात कुणाचं तरी अडतं, ही गोष्ट त्यांनी शाळेपेक्षा आधी मान्य केली. विधायक संसद या संस्थेने पुढे वसई-ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा उघडल्या, त्यामागेही मुलाच्या वास्तवाची हीच कबुली होती. गांधीजींची नयी तालीम, कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. त्यांची उजळणी नको. त्या सर्वांतून घेण्याजोगं सूत्र एकच आहे, आणि तेच आपण गाळलं.

उपक्रमांची विभागणी आपण नेहमी रंजक आणि कंटाळवाणे अशी करतो. मला ती निरुपयोगी वाटते. खरी विभागणी अशी आहे: काही उपक्रम मुलांनी केले नाहीत तर कुणाचं तरी काही अडतं, आणि काही केले नाहीत तर कुणाचंच अडत नाही. चित्रकलेची स्पर्धा रद्द झाली तर आयोजकाचं अडतं, गावाचं नाही. वृक्षारोपणाची रोपं जुलैत लावली आणि मार्चपर्यंत वाळली, तरी कुणी त्या मुलाला जाब विचारत नाही, आणि मुलं हे चटकन ओळखतात. स्काउट असो की राष्ट्रीय सेवा योजना, पुष्कळ ठिकाणी प्रमाणपत्रापुढे गाडी गेलेली नाही. उलट खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या मंडळात तरुण वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना कुणी रमवत नाही. दरीत कुणी अडकलं की त्यांना बोलावणं येतं, म्हणून ते टिकतात. माथेरानमध्ये जन्मलेल्या भाई कोतवालांनी बेचाळीसच्या लढ्यात कर्जत-मुरबाडच्या तरुणांवर जे सोपवलं, ते तर जिवावरचं होतं. २ जानेवारीला त्यांच्या आणि हिराजी पाटलांच्या हौतात्म्यदिनी आपण त्याच वयाच्या मुलांना भाषणं पाठ करायला लावतो.

इथे माझ्याच म्हणण्यातली अडचण समोर येते, ती टाळून चालणार नाही. मुलावाचून अडणं हीच कसोटी असेल, तर वीटभट्टीवरही मुलावाचून अडतं. मग भट्टी ही शाळेहून चांगली शाळा म्हणायची का? नाही, आणि त्याचं कारण नीट पाहिलं पाहिजे. भट्टीवर मुलाचे श्रम आईबापाच्या हजार विटांत विरघळून जातात. मुकादमाच्या वहीत त्याचं नाव नसतं, त्याने काम नाकारलं तर पोट मारलं जातं, आणि पहिल्या महिन्यानंतर त्या कामातून त्याला शिकण्यासारखं काही उरत नाही. म्हणून कसोटीला दोन अटी जोडायला हव्यात: काम मुलाच्या नावावर नोंदलं जावं, आणि ते चुकलं तर त्याची किंमत मुलाच्या पोटाने चुकवावी लागू नये. या अटी लावल्या की भट्टी बाद होते. आनंददायी शनिवार मात्र आधीच, अडण्याच्या मूळ कसोटीवरच, बाद झालेला असतो.

असं काम या तालुक्यांत आहे का? १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, आणि चौथ्या दिवशी शोध थांबला. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. पर्जन्यमापक असता तर वाडी वाचली असती, असं म्हणणं खोटं आणि क्रूर ठरेल. पण डोंगराच्या कुशीतल्या या वाड्यांवर किती पाऊस पडतो, हे महसूल मंडळाच्या ठिकाणच्या यंत्रावरून कळत नाही, हे तर खरं आहे. घाटमाथ्याजवळ दोन-चार किलोमीटरवर पाऊस बदलतो. केरळात मीनचिल नदीच्या खोऱ्यात शाळकरी मुलं पर्जन्यमापकावर रोजचा पाऊस मोजतात, आणि वरच्या अंगाचा आकडा खालच्या वस्त्यांना कळवला जातो. इथल्या आश्रमशाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांनी रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खातं नोंद घेतं त्याच वेळी, नळकांड्यातलं पाणी मिलिमीटरमध्ये मोजून सहीनिशी लिहिलं, तर एका दिवसाची गफलतही महत्त्वाची ठरेल. दशांश चिन्ह चुकलं तर चोवीस मिलिमीटरचे दोनशे चाळीस होतात. गणिताच्या पुस्तकातल्या दशांशाला इतकं वजन कधी येतं? शिवाय हा हंगाम जून ते सप्टेंबरचा, कातकरी मुलंही घरी असतात तेव्हाचा.

दुसरं उदाहरण कागदावर तयारच आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. शेवळ्याचा कोंब लांबून ओळखणारी मुलं त्याच गावात बसलेली होती. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३पासून जे सुरू केलं, त्यात विद्यार्थी गावाला लागणाऱ्या सेवा देतात आणि त्या देता देता शिकतात. म्हणजे हे जमत नाही असंही नाही.

‘आदिवासी मुलाला पुन्हा रानातच धाडणार का?’ हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आदिवासी कार्यकर्त्यांकडून आला तर त्याचा मान राखलाच पाहिजे. नयी तालीमवर तो आला होता आणि त्यात तथ्य होतं: सूतकताई गरिबाच्या पोराला, इंग्रजी श्रीमंताच्या. पण पाऊस मोजणं, नोंद ठेवणं, चूक पकडणं, आपल्या आकड्यावर सही करणं, हे रानाकडे परत धाडणं नव्हे. हे दप्तरी काम आहे, आजवर या समाजाच्या हाती न दिलेलं. ‘आधी लिहिता-वाचता येऊ द्या’ हा दुसरा आक्षेप मला तितकासा अडचणीचा वाटत नाही. लिहिता-वाचता येणं मलाही पहिलं वाटतं, फक्त ते कशासाठी लागतं हे मुलाला दिसलं की ते लवकर येतं. आणि हो, यातल्या कशानेही भट्टीकडची वाट बंद होणार नाही. त्यासाठी गावात रोजगार हमीचं वेळेवर मिळणारं काम आणि खरोखर चालणारी हंगामी वसतिगृहं हवीत. जूनमध्ये परतलेल्या मुलाची जागा वर्गात कुणी धरून ठेवली होती का, एवढंच शाळेच्या हाती आहे.

म्हणून मागणं लहान आहे आणि ते शाळेकडे नाही, सरकारी कचेरीकडे आहे. कर्जत आणि खालापूरच्या तहसील कार्यालयांनी पावसाळ्यातले चार महिने डोंगरालगतच्या शाळांकडून रोज सकाळी नऊच्या आत पावसाचा आकडा मागवावा, तो नोंदणाऱ्या मुलाच्या नावासकट नोंदवहीत लिहावा, आणि ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी फोन करून का आला नाही ते विचारावं.