सोळाशे आणि वर नऊ मीटर

साताऱ्यात पळणाऱ्या माणसाला चढ चुकत नाही. घराबाहेर पडलं की एकीकडे अजिंक्यतारा, दुसरीकडे यवतेश्वरचा घाट. इथली हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली आणि चाळिशी-पन्नाशी उलटलेली नोकरदार, दुकानदार, गृहिणी अशी सगळी मंडळी पहाटे कासच्या रस्त्याला दिसू लागली. मीही त्यांतलीच. आमच्या क्लबातल्या गप्पा कायम लांबीच्या असतात. एकवीस झाले, आता मुंबईचे बेचाळीस कधी? बेचाळीस झाले, मग पुढे काय? अशा माणसांसमोर क्लबाने यंदा एका मैलाचं आव्हान ठेवलं. थंडी सरल्यापासून पाऊस लागेपर्यंत जिल्ह्यातल्या मिळेल त्या मैदानावर जायचं आणि सपाट ट्रॅकवर एक मैल जीव लावून पळायचा. वेळ दुसऱ्याने धरायची आणि वहीत लिहायची. मनगटावरच्या घड्याळावर विसंबायचं नाही, कारण ट्रॅकच्या वळणांवर उपग्रहाचा हिशेब हमखास चुकतो.

मैल म्हणजे 1609.344 मीटर. चारशे मीटरच्या चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर चौतीस सेंटिमीटर. त्यामुळे मैलाची शर्यत शेवटच्या रेषेवरून सुटत नाही, तिच्या नऊ मीटर मागून सुटते. आमच्या क्लबात एक निवृत्त ओव्हरसियर आहेत. प्रत्येक मैदानावर ते टेप घेऊन आमच्या आधी हजर असत. आखलेल्या ट्रॅकवरही त्यांचा पटकन विश्वास बसत नसे. आतल्या बाजूला उंच कड असेल तर तिच्यापासून तीस सेंटिमीटर आणि नुसती फक्कीची रेघ असेल तर वीस सेंटिमीटर बाहेर सरकून ते मोजणी करायचे. पळणारा माणूस कडेला घासून पळत नाही, म्हणून ट्रॅकची लांबीही तेवढं अंतर सोडूनच धरायची असते, हे मला त्यांच्याकडून कळलं. चारही फेऱ्या दुसऱ्या लेनमधून मारल्या तर सुमारे 28 मीटर जादा पळणं होतं, हेही त्यांनीच एकदा मातीत काडीने आकडेमोड करून दाखवलं. मग पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात भरलेली फक्की ते हलकेच झटकत न्यायचे आणि सुटायची रेघ मारायचे. एका जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात जेमतेम दोनशे मीटरची फेरी बसली. तिथे आठ फेऱ्या आणि वर तेच नऊ मीटर. ‘‘अंतर खरं असेल तरच वेळ खरी,’’ एवढंच ते म्हणत. हौसेच्या कामातही इतकी काटेकोर सचोटी पाळणारं माणूस आपल्या गावात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

घाटात वेळ कमी-जास्त झाली तर कारण सांगायला चढ असतो, वारा असतो, धुकं असतं. सपाट ट्रॅकवर ती सोय नाही. पहिली फेरी ताज्या दमावर निघते. दुसरीत श्वास आणि पाय यांचा मेळ बसतो. तिसरी मात्र परीक्षा बघते. प्राणवायू श्वासातून पुरेसा मिळेनासा होतो, रक्तातली आम्लता वाढत जाते, मांड्या भरून येतात. सुरुवातीचा जोर संपलेला असतो आणि शेवट अजून नजरेत आलेला नसतो. चौथीत माणूस कसाही पळतो, कारण रेघ समोर दिसते. तिसरीत त्याला स्वतःलाच सांगावं लागतं की सोडायचं नाही. 

हे फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचं नाही. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरने 3 मिनिटं 59.4 सेकंदांत मैल पूर्ण केला. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा तो पहिला माणूस. त्याच्या चार फेऱ्यांच्या वेळा नोंदलेल्या आहेत: 57.5, 60.7, 62.3 आणि 58.9 सेकंद. सगळ्यांत संथ तिसरीच. तिथला ट्रॅक 440 यार्डांचा, म्हणजे बरोबर पाव मैलाचा, त्यामुळे त्याला नऊ मीटर मागून सुटावं लागलं नाही. मला या शर्यतीत सर्वांत जवळची वाटते ती तिच्यामागची साधी तयारी. बॅनिस्टर वैद्यकाचा विद्यार्थी होता, अभ्यासातून वेळ काढून दुपारच्या सुट्टीत सराव करायचा. पुढे राहून वेग धरून द्यायला त्याचे दोन मित्र होते, आधी ख्रिस ब्रॅशर आणि नंतर ख्रिस चॅटवे. याच ब्रॅशरने पुढे 1981 मध्ये लंडन मॅरेथॉन उभी करण्यात पुढाकार घेतला. सामान्य माणसाला बेचाळीस किलोमीटरची वाट दाखवणाऱ्यांतला एक जण आधी मैलाच्या ट्रॅकवर मित्रासाठी पळालेला होता.

पण हे अंतर खऱ्या अर्थाने मला समजलं ते एका तालुक्याच्या मैदानावर. आम्ही साडेपाचला पोचलो तर ट्रॅक आधीच भरलेला. भरतीची पोरं. तीस-चाळीस मुलं आणि दहा-बारा मुली, कडेला सायकली आणि सॅक, आणि मधोमध शिट्टी घेऊन उभे असलेले त्यांचे सर, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. आमच्या जिल्ह्यात हे चित्र नवं नाही. ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ज्या गावाला सगळे ओळखतात ते गाव इथलंच. आम्ही एक मैल पळायला आलोय म्हटल्यावर एका मुलाने लगेच विचारलं, ‘‘म्हणजे सोळाशे?’’

ही पोरं मैल म्हणत नाहीत, सोळाशे म्हणतात. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत मुलांना 1600 मीटर पळावं लागतं. 5 मिनिटं 10 सेकंदांत किंवा त्याआधी पोचलं तर 20 पैकी 20 गुण. अग्निवीर भरतीच्या मेळाव्यात हेच अंतर 5 मिनिटं 30 सेकंदांत काढलं तर पहिल्या गटाचे 60 गुण मिळतात. ‘ग्राउंडला किती पडले?’ हा तिथे कुणालाही विचारला जाणारा पहिला प्रश्न. पोलीस भरतीत ग्राउंडचे 50 गुण असतात, त्यांत सोळाशे, शंभर मीटर आणि गोळाफेक. लेखी परीक्षा त्यानंतर. म्हणजे ज्या अंतरासाठी आम्ही वही घेऊन हौसेने मैदानं फिरत होतो, त्याच अंतरावर इथे कुणाची नोकरी, कुणाच्या घरचं कर्ज, कुणाच्या बहिणीचं लग्न अडलेलं होतं.

माण तालुक्यातून आलेला एक मुलगा माझ्या जवळच वॉर्म-अप करत होता. त्याने डावा हात पुढे केला. तळहातावर बॉलपेनने चार आकडे लिहिलेले: 1:17, 2:35, 3:52, 5:10. दर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. ‘‘मॅडम, माझा टाईम ओरडून सांगाल का? सर एकटेच हायत, सगळ्यांना पुरत नाहीत.’’ मी स्टॉपवॉच हातात घेतलं. पहिल्या फेरीला तो 1:15 ला आला, दुसरीला बरोबर 2:35. तिसऱ्या फेरीच्या वळणावर त्याचे खांदे वर चढू लागले, हात छातीपुढून आडवे जाऊ लागले. पलीकडून सुभेदार ओरडत होते, ‘‘तिसऱ्याला सोडू नगंस! चौथी आपोआप निघती!’’ तो आला तेव्हा घड्याळात 3:58 झाले होते. चौथ्या फेरीत त्याने जे होतं नव्हतं ते सगळं लावलं आणि 5:16 ला रेघ ओलांडली. गुडघ्यांवर हात टेकून तो काही वेळ वाकून राहिला. मग त्याने तळहात पाहिला. घामाने आकडे पसरून निळा डाग झाला होता. ‘‘सहा सेकंद,’’ तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की ते सहाच्या सहा सेकंद तिसऱ्या फेरीत गेलेत, पहिल्या फेरीत दोन सेकंद घाई झाली ती पुढे महागात पडली. त्याने ते लक्ष देऊन ऐकलं.

नंतर माझा मैल झाला. त्याने माझं घड्याळ धरलं आणि प्रत्येक फेरीला न चुकता वेळ सांगितली. माझं पळून झाल्यावर त्याने विचारलं, ‘‘मॅडम, तुमच्यात कटऑफ किती असतो?’’ मी म्हटलं, ‘‘कटऑफ नाही रे. आपलाच टाईम आपण कमी करायचा.’’ त्यावर तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘मग बरंय. नापास कुणी होत नाही.’’

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण आमच्या आणि त्याच्या मैलांतला फरक याहून नेमका सांगता येणार नाही. पळून दमायचं आणि आनंदाने घरी जायचं, ही आमची मिळकत. त्याच्यासाठी तेवढ्याच अंतरावरचे सहा सेकंद म्हणजे आणखी एक वर्ष असू शकतं. जून 2014 मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पळताना काही उमेदवारांचे जीव गेले, तेव्हा अंतर पाच किलोमीटरचं होतं. पुढे ते कमी झालं. अंतर कमी केलं ते योग्यच, पण तयारीची जागा, सावली, पाणी आणि जाणतं माणूस हे सगळं त्या मुलांना भरतीच्या दिवसाआधी कित्येक महिने मिळायला हवं. मैदानावर एका दिवसात येणारं संकट आधीच्या सहा महिन्यांत टाळता येतं.

मुलींविषयी थोडं सांगायलाच हवं. पोलीस भरतीत त्यांना 800 मीटर असतात. त्या मैदानावरच्या मुली सरावाला मात्र मुलांबरोबर पूर्ण सोळाशे मारत होत्या आणि त्यांतल्या दोघी माझ्या कितीतरी पुढे निघून गेल्या. बायकांना हे अंतर झेपेल का, या शंकेत खेळाच्या जगाने फार वर्षं घालवली. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये महिलांची 800 मीटर झाली, आणि मग ती थेट 1960 मध्ये परत आली. बॅनिस्टरच्या शर्यतीनंतर तीनच आठवड्यांनी, 29 मे 1954 रोजी, बर्मिंगहॅमला डायन लेदर पाच मिनिटांच्या आत मैल पळणारी पहिली स्त्री ठरली, 4 मिनिटं 59.6 सेकंद. तेव्हा महिलांच्या मैलाचा जागतिक विक्रमच मान्य होत नव्हता. 2023 मध्ये मोनॅकोला केनियाच्या फेथ किप्येगॉनने तो 4 मिनिटं 7.64 सेकंदांवर आणला. आणि आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. त्या मैदानावरच्या प्रत्येक मुलीला तिचं नाव पाठ होतं.

आम्ही पाहिलेल्या मैदानांपैकी मोजकीच नीट राखलेली होती. कुठे आदल्या रात्रीच्या मांडवाचे खिळे मातीत राहिलेले, कुठे आतल्या लेनमध्ये पाणी साचून खड्डा पडलेला, कुठे फाटकाला सकाळी आठपर्यंत कुलूप. एका ठिकाणी मुलं मोबाईलच्या उजेडात पळत होती. लग्नं, सभा, प्रदर्शनं होऊ नयेत असं मी म्हणत नाही. गावात दुसरी मोठी जागा नसते. पण मांडव काढल्यावर खिळे वेचायचे, रोलर फिरवायचा आणि फाटक पाचला उघडायचं, याला फार पैसा लागत नाही. एखाद्याने जबाबदारी घ्यावी लागते. आमच्यासारखे लोक बाहेरगावच्या एका मॅरेथॉनवर प्रवास, मुक्काम आणि प्रवेश फी धरून जेवढा खर्च करतात, तेवढ्यात एका तालुक्याच्या मैदानाला वर्षभराची फक्की, दोन-तीन स्टॉपवॉच आणि पिण्याच्या पाण्याची टाकी सहज होईल.

क्लबाचं आव्हान संपलं. वहीत माझी शेवटची वेळ पहिलीपेक्षा कमी आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता रविवारी आमच्यातले काही जण त्या मैदानावर जातात ते घड्याळ धरायला. सुभेदारांना एकट्याला चाळीस पोरांच्या फेऱ्या ओरडून सांगाव्या लागत नाहीत. ओव्हरसियर काकांनी तिथला ट्रॅक मोजून नव्याने आखून दिला आहे. आधीच्या आखणीत फेरी चार मीटर कमी भरत होती, म्हणजे पोरं सोळाशे समजून सोळा मीटर कमी पळत होती आणि भरतीच्या दिवशी खऱ्या ट्रॅकवर तीन सेकंद मागे पडत होती.

तुमच्याही तालुक्याला असं एक मैदान असेल आणि तिथे पहाटे पोरं पळत असतील. तुम्ही पळणारे असाल तर आठवड्यातली एक सकाळ त्यांना द्या, पन्नास मीटरचा टेप आणि स्टॉपवॉच घेऊन जा, आणि पहिल्या दिवशी ट्रॅक मोजा. भरतीची जाहिरात निघायची वाट पाहू नका. सोळाशेची नीट तयारी व्हायला निदान चार महिने लागतात.