निकड

आपल्या कष्टाचा पैसा मनुष्याने कशावर खर्च करावा, आणि त्या खर्चाचा न्याय करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न फार जुना आहे. माझ्यापुढे तो 2025च्या दिवाळीत अगदी नव्या वेषात येऊन उभा राहिला. माझा नातू दांडेलीच्या महाविद्यालयात शिकतो. गणेशगुडीकडील एका होम-स्टेमध्ये दोन हंगाम सुटीच्या दिवशी काम करून त्याने चौदा हजार रुपये साठविले होते. एके संध्याकाळी तो म्हणाला, "आजोबा, माझ्या कंप्युटरचा प्रोसेसर बदलावा म्हणतो. दहा-बारा हजार लागतील. तुम्हाला काय वाटते?"

आपल्यापैकी बहुतेकांना हे यंत्र ओझरतेच ठाऊक असेल, म्हणून थोडा खुलासा करतो. प्रोसेसर म्हणजे संगणकातील कर्ता पुरुष. हिशेब सगळा त्याच्याकडे. खेळासाठी जो संगणक जुळवितात, त्यात चित्रे रंगविण्याकरिता ग्राफिक्स कार्ड निराळे असते. नातवाचा संगणक बेळगावहून जुनाच घेतलेला. त्यात एएमडी कंपनीचा रायझन 5 1600 हा 2017 सालचा प्रोसेसर. तो बदलून 2022 सालचा रायझन 5 5600 बसवावा, असा त्याचा मनसुबा होता.

मी कारण विचारले. "अभ्यासासाठी," तो म्हणाला.

राज्य सरकारच्या सेवेत माझी तीसहून अधिक वर्षे गेली. मार्च महिना जवळ आला की शिल्लक निधी परत जाऊ नये म्हणून ज्या खरेदीच्या टिप्पण्या पुढे येत, त्या सर्वांत एक शब्द हमखास असे : निकड. टिप्पणी कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, आशय तोच. खुर्च्या धड असताना खुर्च्यांची निकड, कपाटे रिकामी असताना कपाटांची निकड. मीही अशा टिप्पण्यांवर सह्या केल्या आहेत, हे येथे कबूल केलेले बरे. त्यामुळे 'अभ्यासासाठी' हा शब्द ऐकताच माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. मी म्हटले, "अभ्यासाला आहे तो संगणक पुरतो की नाही, एवढेच सांग." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुरतो. खेळासाठीच हवा आहे."

हे उत्तर मला आवडले, तरी निकाल मी मनाशी त्याच्याविरुद्धच देऊन टाकला होता. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असा भेद केला आहे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस यानेही इच्छांची वर्गवारी केली आहे : काही स्वाभाविक व आवश्यक, काही स्वाभाविक पण अनावश्यक, आणि काही निव्वळ पोकळ. खेळासाठी प्रोसेसर कोणत्या रकान्यात पडतो हे सांगावयास विद्वान लागत नाही, असे मी म्हणणार होतो. शिवाय घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पावसाळ्यात जवळजवळ गेली होती आणि नवीला चौदा-पंधरा हजारांचा अंदाज होता. घरची गरज समोर असताना खेळावर खर्च? युक्तिवाद आयता तयार होता.

तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुम्ही टेपरेकॉर्डर आणलात, तेव्हा घरात पंखा नव्हता."

खरे होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी टेपरेकॉर्डर घेतला, नाट्यसंगीताच्या कॅसेट घेतल्या, आणि त्याला 'संस्कार' हे नाव दिले. स्वतःच्या हौसेला उच्च नाव देणे आणि दुसऱ्याच्या हौसेला चैन म्हणणे, ही वर्गवारी एपिक्युरसच्या यादीत नाही. पण आपल्या घरांत ती सर्रास चालते. आपल्या वाडवडिलांनी घाटावरून वा कोकणातून येऊन येथे घरे केली, काटकसरीने पोटे भरली. त्या काटकसरीचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावा. तथापि त्या अभिमानाच्या आड कधीकधी केवळ वय बोलत असते.

तेव्हा मी निकाल राखून ठेवला. बॅटरीचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून होईल, तिचा धाक घालून तुझी इच्छा अडवावयाची नाही, असे त्याला सांगितले. अट एकच घातली : कमतरता नेमकी कशाची आहे ते आधी मोजून दाखव.

त्याने ते मन लावून केले. तो जो खेळ खेळतो, तो फिनलंडमधील एका कंपनीने तयार केलेला, 2015 साली आलेला 'सिटीज् स्कायलाइन्स' नावाचा नगररचनेचा खेळ. त्यात रस्ते, शाळा, वीज, पाणी यांची व्यवस्था लावून गाव वसवायचे असते. वस्ती लहान असेतोवर खेळ सुरळीत चाले. ती लाखाच्या पुढे गेली की चित्र अडखळू लागे. नातवाने चित्राचा दर्जा कमी करून पाहिला. अडचण ग्राफिक्स कार्डाची असती तर गती वाढावयास हवी होती. ती तसूभरही वाढली नाही, आणि कार्ड तर निम्मे रिकामे बसलेले दिसले. दुसरी गोष्ट अशी आढळली की, संगणकात आठ जीबीची रॅमची एकच पट्टी होती. दोन पट्ट्या जोडीने लावल्या की प्रोसेसरला माहिती अधिक वेगाने मिळते, आणि हा खेळ मुळातच स्मृतीचा भुकेला. म्हणजे पहिली उणीव कर्त्या पुरुषाची नसून त्याच्या हाताशी असलेल्या सामानाची होती. त्या सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणककेंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर चढू लागले होते. तरी ओळखीने एक वापरलेली पट्टी दोन हजारांच्या आत मिळाली. बराच फरक पडला. पुरता नाही.

उरलेला अडथळा प्रोसेसरचाच होता, आणि त्याचे कारण ऐकून मी खुर्ची त्याच्या टेबलाजवळ ओढली. या खेळात वस्ती म्हणजे नुसता आकडा नसतो. प्रत्येक रहिवाशाला नाव असते, घर असते, कामाचे ठिकाण असते; तो घरातून निघून कोणत्या रस्त्याने जाईल याचा हिशेब चालू असतो. माणसे वाढली की प्रोसेसर थकतो, तो या मोजणीने. दोन्ही प्रोसेसरांत सहा-सहाच गाभे आहेत. नव्यातला प्रत्येक गाभा मात्र बराच चपळ.

त्या खेळात धरणही बांधता येते. नातवाने बांधले, आणि वरच्या अंगाला पाणी चढून त्याने वसविलेली एक आळी बुडाली. तो हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. वाचकांना सांगावयास नको, सुपे हे आपल्या तालुक्याचे मूळ ठाणे. काळी नदीवरील 101 मीटर उंचीच्या धरणाने ते पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्यास आल्या, कित्येक कुटुंबे रामनगरास गेली. आमचे घरही त्या पाण्यात आहे. वडिलांनी दाराची चौकट तेवढी सोडवून आणली. पुढे नोकरीत मी अनेक याद्या हाताळल्या. यादीत कुटुंबे असत, क्षेत्र असे, रक्कम असे. कोण कोणत्या वाटेने कोठे जात होता याचा रकाना कोणत्याही नमुन्यात मी पाहिला नाही. खेळण्यातल्या यंत्राला जो हिशेब जड जातो, तो आम्ही मांडलाच नव्हता. म्हणून खेळ थोर ठरतो असे नाही. खेळ तो खेळच. पण त्याला पोकळ इच्छांच्या रकान्यात टाकण्याची माझी घाई तेथे संपली.

खर्चाची मर्यादा ठरविणे मात्र राहिलेच होते. दुकानदाराने फोनवर सल्ला दिला की, जुन्यात पैसे घालू नका, सगळेच नवे घ्या. फ्रेंच विचारवंत दिदरो याने आपल्या जुन्या झग्याविषयी एक निबंध लिहिला आहे. नवा उंची झगा आला, त्याच्याशेजारी जुनी खुर्ची बरी दिसेना, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रे, आणि शेवटी जुन्या झग्याचा मालक असलेला गृहस्थ नव्या झग्याचा गुलाम झाला. एएमडीची 2022 सालची नवी बैठक तशीच आहे : तिच्यासाठी मदरबोर्ड नवा, रॅमही नव्या पिढीची. याउलट 5600 हा नातवाच्या आहे त्याच मदरबोर्डाच्या खोबणीत बसतो. जी इच्छा आहे त्या घरात मावते, ती आणि जी घरच बदलावयास लावते ती, यांत फरक करावा असे मला वाटते. एपिक्युरसच्या तीन रकान्यांपेक्षा मला ही कसोटी संसारात अधिक उपयोगी पडली.

यात एक गंमतही झाली. विंडोज 10ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11साठी मान्य प्रोसेसरांच्या यादीत 1600 नाही. धडधाकट चालणारी वस्तू एका परिपत्रकाने बाद! म्हणजे नातवाला अस्सल सरकारी छापाची निकड आयती सापडली. तो म्हणाला, "आजोबा, हे आधी कळले असते तर मी हेच कारण सांगितले असते." मी म्हटले, "आणि मी सही केली असती."

प्रोसेसर आला, पण लगेच बसविता आला नाही. त्याआधी मदरबोर्डाची बायोस नावाची मूळ आज्ञावली अद्ययावत करावी लागते, आणि ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होण्याचा धोका. काळीच्या पाण्यावर एवढी वीज होते, आणि आमच्या वाडीत ती केव्हा जाईल याचा नेम नाही. तेव्हा आधी इन्व्हर्टरची नवी बॅटरी आणली, ती दोन दिवस नीट चालते हे पाहिले, मग हे काम. दोघेही पडद्यासमोर श्वास रोखून बसलो होतो.

राहता राहिला जुना प्रोसेसर. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही, असा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आहे. त्यात आपली भर नको, म्हणून शाळेला द्यावा असे मी सुचविले. नातवाने समजाविले की, या प्रोसेसरात चित्र दाखविण्याची सोय नाही; वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय शाळेला तो निरुपयोगी. कार्ड असलेला, पण याहून दुबळा प्रोसेसर वापरणारा कोणी तरुण तो दांडेलीत शोधतो आहे. तोवर प्रोसेसर माझ्या कपाटात, कापसात गुंडाळून, टेपरेकॉर्डरच्या शेजारी ठेवला आहे.