जडभरताचे पाऊल



श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधातील जडभरताची कथा आपण पुराणप्रसंगी अनेकदा ऐकिली आहे. सिंधुसौवीर देशाचा राजा रहूगण पालखीतून चालला होता. भोई कमी पडला म्हणून वाटेत भेटलेल्या धट्ट्याकट्ट्या जडभरताला पालखीस जुंपले. पायाखाली जीवजंतू चिरडू नयेत म्हणून तो भूमी न्याहाळीत पाऊल टाकी. इतरांशी त्याची चाल जुळेना आणि पालखीस हिसके बसू लागले. राजाने त्याचा उपहास केला, त्याला दंडाचे भय घातले. पाऊल का जुळत नाही, हे मात्र विचारले नाही.

रहूगणाचा हा दोष माझ्या हातूनही घडला आहे. एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या देवळात येई. मुलगा बोलत नसे, कोणाच्या नजरेला नजर देत नसे. सभामंडपातील फरशीच्या रेषांवरून बोट फिरवीत बसे. आरतीची घंटा सुरू होताच कानांवर हात दाबून ओरडे. एके सायंकाळी मीच त्याला दरडावून बाहेर काढले. (पुजाऱ्याचा मुलगा म्हणून तेवढा अधिकार आपणांस आहे, अशी माझी समजूत होती.) पायरीवर ती माता माझ्या वडिलांना विचारीत होती, "भटजी, माझ्या कोणत्या पापाचे हे फळ?" वडील निरुत्तर झाले.

पाश्चात्य विद्वानांनीही एके काळी आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. १९४३ साली अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अशा ११ बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही स्वमग्नता जन्मजात असावी असे त्यांनी लिहिले खरे. परंतु आईबापांच्या शुष्क स्वभावाकडेही बोट दाखविले, आणि पुढे त्या बोटाचाच सिद्धांत झाला. आईची माया थिजली म्हणून मूल असे झाले, हे मत ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथात आग्रहाने मांडले. तत्पूर्वीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी त्याचे खंडन केले होते. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय अशाच एका मुलाचे पिता होते. १९६९ साली स्वतः कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केले. पुढे १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजाच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्न बीजांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. प्रत्येक जोडीस आई एकच, घरही एकच. मायेच्या अभावाने हे घडते, तर बीजागणिक असा भेद का पडावा?

प्रत्येक अबोल मूल जडभरतासारखे ज्ञानी असते, असे मी म्हणत नाही. तेही न पाहता बोलणेच होय. कित्येकांना आयुष्यभर साहाय्य लागते. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेची गणना २१ अपंगत्वांत केली आहे, आणि त्याचा दाखला मागणे हा आईबापांचा हक्क आहे. मात्र दुसऱ्याच्या घरातील दुःखाला कर्मविपाकाचे नाव देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हे मला उमगलेले नाही.

वडील व मी त्या मातेच्या घरी गेलो, आणि मी क्षमा मागितली. आता नैवेद्य झाल्यावर, घंटा-नगारा शांत असता, दुपारी ती मुलाला घेऊन येते. मी किल्ली घेऊन थांबतो. तीर्थासाठी तो हात पुढे करीत नाही. तुळशीचे पान मात्र घेतो, आणि बराच वेळ हुंगत बसतो.